मधुमेहामुळे पायाला झालेली जखम लेझरने भरते का? किती सिटिंग लागतात?

आईच्या तळव्याची जखम तीन महिने भरत नाहीये, हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि राहवलं नाही.

बाबांना अशीच झाली होती. डाव्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी. दादाने कुणाच्या तरी सांगण्यावरून लेझर सुरू केलं. बारा सिटिंग झाली. पैसे त्यानेच भरले, त्याबद्दल वाद नाही. पण बाराही वेळा बाबा दोन जिने चढून गेले, त्याच जखमेवर भार देत. पायाची संवेदना गेलेली, दुखत नव्हतं, म्हणून त्यांनाही काही वाटलं नाही.

एकदा मी त्यांची रबरी चप्पल धुवायला घेतली. अंगठ्याच्या मुळाशी रबर दबून वाटीसारखा खड्डा पडला होता आणि त्यात तपकिरी डाग. जखम नेमकी तिथेच. ती चप्पल घेऊनच मी दुसऱ्या सर्जनकडे गेले. त्यांनी कडेचा पांढरा घट्टा कापून काढला, बोथट सळई घालून हाडाला लागते का पाहिलं, डॉपलरने रक्तपुरवठा तपासला आणि गुडघ्याखाली पायाला चपखल बसणारं प्लास्टर घातलं. चवड्यावरचा भार त्याने पूर्ण पोटरीपर्यंत वाटला जातो. दर आठवड्याला ते बदलायचं. सातव्या आठवड्यात जखम मिटली.

दादा आजही म्हणतो, लेझरचा गुण उशिरा आला. मला हे साफ अमान्य आहे. लेझरचा लाल प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांना, चालना देतो, कबूल. पण तीच पेशी दिवसभर पायाखाली चिरडली जात असेल तर ती चालना कुठे पुरणार?

लेझर थोतांड आहे असं मात्र मी म्हणत नाही. १९६०च्या दशकात बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर या डॉक्टरांना लेझर दिलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवताना दिसले, तिथून हे शास्त्र सुरू झालं. कॅन्सरच्या उपचारांत तोंड सोलवटतं, ते टाळायला लेझर आज मान्य आहे. मधुमेही पायावरचे अभ्यास छोटे आहेत, डोस प्रत्येकाचा निराळा, आणि डोस जास्त झाला तर फायदा जातो. त्यामुळे सिटिंगचा पक्का आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. घ्यायचंच तर ड्रेसिंग, साखर आणि भार सांभाळून, जोडीला घ्या. कॅन्सरची शंका असलेल्या जखमेवर नको. पाय लाल, गरम, सुजलेला असेल किंवा वास येत असेल तर आजच्या आज दाखवा.

आणि आईची चप्पल आत्ता उलटसुलट करून बघा. बाबांची ती चप्पल मी टाकलेली नाही. दादाला कधीही येऊन बघता येईल.