एकाचे दोन दिसतायत? आधी व्हिटॅमिन बी-१ चं विचारा

तुम्ही लिहिलंय की बायकोला गरोदरपणाचा चौदावा आठवडा आहे, पाच आठवडे उलट्या थांबत नाहीत, रोज ग्लुकोजचं सलाइन चालू आहे आणि कालपासून तिला एकाचे दोन दिसतात, चालताना झोक जातो. माझ्या धाकट्या बहिणीचं अगदी हेच झालं होतं.

मी डॉक्टर नाही, घरून काही औषध देऊ नका. पण ड्यूटीवर जे असतील त्यांना आत्ताच विचारा, "थायमिन, म्हणजे बी-१, शिरेतून दिलंय का?" सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका.

बहिणीला नर्सिंग होममध्ये बारा दिवस नुसत्या ग्लुकोजच्या बाटल्या लागल्या. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवायला पेशींना बी-१ लागतं. ते नसलं की ग्लुकोज फुटून बनलेलं पायरुव्हेट ऊर्जेपर्यंत पुढे सरकत नाही, त्याचं लॅक्टेट होतं, आणि मुख्यतः ग्लुकोजवर चालणारा मेंदू उपाशी राहतो. शरीरातला साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम, काही आठवड्यांत संपणारा. उरलंसुरलं बी-१ त्या बाटल्यांनीच संपवलं. तिचे डोळे थरथरतात हे मी रोज सांगत होतो. "अशक्तपणा आहे, पहिलटकरणी घाबरतातच," एवढंच उत्तर. वेर्निके, म्हणजे बी-१ संपल्याने मेंदूला होणारी इजा, हा दारुड्यांचा आजार अशी समजूत, आणि ही तर दारूच्या वासालाही न गेलेली! चार दिवस असे गेले. दुसरीकडे हलवल्यावर इंजेक्शन मिळालं, डोळे दोन दिवसांत सुधारले. स्मरणशक्ती नाही सुधारली. सकाळी काय जेवली ते आजही तिला संध्याकाळी आठवत नाही. त्या चार दिवसांचा राग माझ्या मनातून जात नाही.

माझं स्पष्ट मत: रक्ताच्या रिपोर्टसाठी इंजेक्शन अडवू देऊ नका. एमआरआय नॉर्मल आला तरी हा आजार नाही असं ठरत नाही. गोळीवर भागवू नका, ती उलटीतच जाते. साखर खरंच उतरली असेल तर ग्लुकोज लागेलच, तेव्हा थांबवा म्हणू नका, बी-१ सोबत द्या म्हणा. मॅग्नेशियमही तपासायला सांगा, ते कमी असेल तर बी-१ नीट लागू पडत नाही.

पोटात ठरायला लागलं की उकड्या तांदळाची पेज द्या, पाणी न काढता. उकडताना कोंड्यातलं बी-१ दाण्यात उतरतं, म्हणून पॉलिशच्या पांढऱ्या तांदळापेक्षा ती बरी. पण ते नंतरचं. आधी इंजेक्शनचं विचारून या आणि काय म्हणाले ते इथे लिहा, मी रात्री जागाच आहे.