डाईंगमधली 'ई' आणि कापड-कपड्यांचा घोळ

तुमची अडचण मला पक्की ठाऊक आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात निर्यातीचे इंग्रजी मेल लिहायचं काम अंगावर आलंय, घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि डाईंग, क्लोथ, लूज, ॲडव्हाइस अशा सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जोड्या कितीही पाठ केल्या तरी लिहिताना उलट्या पडतात. सोलापुरातच मी तेवीस वर्षं हा पत्रव्यवहार केला. माझं सांगणं एकच: जोड्या घोकणं बंद करा. दोन शब्द शेजारी ठेवून घोकले की डोक्यातही शेजारीच बसतात आणि हात नेमका नको तो उचलतो. एकेक शब्द त्याच्या कामासकट शिका.

सुरुवात डाईंगपासून, कारण तिथं अर्थच पालटतो. सूत रंगवायचं ते डी-वाय-ई. मरणं ते डी-आय-ई. आयएनजी जोडताना मरणाच्या शब्दातले आय-ई जाऊन वाय येतो. रंगाच्या शब्दातली ई एरवी गळायला हवी होती, पण ती राखतात, नाहीतर दोन्हींचं स्पेलिंग एकच होईल. उच्चार सारखाच, म्हणून कान कामाचा नाही. तेलुगू, मराठी, कन्नड, आपल्या गावातल्या तिन्ही भाषा जवळपास बोलतो तशा लिहिल्या जातात. ती सवय इथं दगा देते. संगणकही लाल रेघ ओढत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच. माझ्याकडून एकदा कोटेशनात ही ई राहिली. खरेदीदार काही बोलला नाही, पण उत्तरात त्यानं तोच शब्द ई घालून लिहिला. मला ते अजून लागून आहे.

कापडावर उभे राहिलेले तंतू ज्योतीवर जाळतात, त्या सिंजिंगमध्येही जी-नंतरची ई ठेवा. ती गेली की 'जी'चा ज जाऊन ग होतो आणि शब्द होतो सिंगिंग, म्हणजे गाणं.

क्लोथ आणि क्लोद्स यांत तर मराठीच मदतीला येते. क्लोथ म्हणजे कापड, क्लोद्स म्हणजे अंगावरचे कपडे. आपण 'दोन मीटर कपडे द्या' म्हणतो का? मग टॉवेलच्या कापडाला क्लोद्स लिहू नका. क्लोद्सला एकवचनही नाही.

लूज आणि ॲडव्हाइसचं सोपं आहे. दोन ओ आले की सैल, एक ओ गळाला की गमावणं. टॉवेलचा रंग जातो तिथं एकच ओ. सल्ला हे नाम सी-नं, सल्ला देणं हे क्रियापद एस-नं.

तुम्ही न विचारलेली, पण मला फार आवडणारी एक गोष्ट. स्थिर या अर्थाच्या स्टेशनरीत 'ए' आणि वह्या-कागदाच्या स्टेशनरीत 'ई', पण मूळ दोन्हींचं एकच. युरोपात मध्ययुगात पुस्तकं विकणारे बरेचसे फिरते असत. एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर. आपल्या नवी पेठेतल्या दुकानदारासारखा. त्या स्टेशनरच्या शेवटी ई-आर आहे, तीच ई त्याच्या मालात उतरली.

आता आजच करायचं काम. वर्डमध्ये ऑटोकरेक्ट उघडा. 'रिप्लेस'खाली ई नसलेलं डाईंग आणि 'विथ'खाली ई असलेलं टाका. टॉवेलच्या पत्रव्यवहारात मरणाचा शब्द सहसा लागत नाही. मेल आधी वर्डमध्ये लिहा आणि मग तिथून उचलून पाठवा.