मिनिटबुक आधी वाच

प्रिय पोरी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत तू हॉलच्या भाड्याचा हिशेब मागितलास, 'लहान आहेस, बस खाली' म्हणून तुला गप्प केलं आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी तुमची मूळची जात काढली. याचं मला नवल वाटलं नाही. राग आला तो तुझ्या पुढच्या ओळींचा. आता तुम्ही सहा जणं पुण्यात कुणाच्या तरी फ्लॅटवर जमणार. गिटार असेल, मोकळी चर्चा असेल. पाळक नसेल, कमिटी नसेल, सभेत ठरलेलं लिहून ठेवायची वही, म्हणजे मिनिटबुक, नसेल. 'निखळ येशू' असेल.

मिनिटबुक नसेल? मग पैसे कोण ठेवणार? या महिन्यात ठरलेलं पुढच्या महिन्यात फिरवलं तर कुणाला कळणार? ज्याची जीभ गोड तोच तुमचा बिशप होईल, आणि त्याला काढायचं कसं तेही कुठे लिहिलेलं नसेल.

येशू दीनांचा कैवारी आहे, जात पाळणारी मंडळी ही मंडळीच नव्हे, बाईला वेदीपाशी उभं राहता आलं पाहिजे, हे मी तुला सांगत बसणार नाही. शब्बाथशाळेत ते मीच शिकवलंय. पुढचं राहून गेलं होतं, ते आज लिहितेय.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढ. यरुशलेमची पहिलीवहिली मंडळी, पेंटेकॉस्टला पवित्र आत्म्याचा वारा अंगावर घेतलेली, सगळं समाईक असलेली. तिथेच कुरकुर सुरू झाली, की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना डावललं जातंय. प्रेषितांनी प्रीतीवर प्रवचन दिलं नाही. सात माणसं नेमली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं. आता त्या सातांची नावं वाच. स्तेफन, फिलिप्प, अंत्युखियाचा नीकलाव, झाडून सगळी ग्रीक. ज्यांच्या विधवा उपाशी, त्यांच्याच हाती कोठार. आपले पाळकसाहेब या भागावर बोलतात तेव्हा थेट स्तेफनाच्या हौतात्म्यावर उडी घेतात. वाटपाच्या यादीपाशी थांबलं तर आपल्याच मंडळीची यादी कुणीतरी मागेल ना!

तुझ्या डीपीवर आदिवासींसाठी झटणाऱ्या फादर स्टॅन स्वामींचा फोटो आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना रांचीहून नेलं, तळोज्याच्या तुरुंगात ठेवलं, थरथरत्या हातांनी पाणी पिता येईना म्हणून सिपर मागावा लागला आणि ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात ते गेले. हे सगळं तुला पाठ आहे. पण अटकेच्या आधी ते काय करत होते? झारखंडच्या तुरुंगांत कच्चे कैदी म्हणून खितपत पडलेल्या आदिवासी पोरांची माहिती गोळा करत होते. ती घेऊन ते हायकोर्टात गेले. त्या म्हाताऱ्याने मोजदाद केली, पोरी. फोटो लाव, माझी ना नाही. पण मोजदादही कर.

आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव पुढे करू नकोस. '१९१७ मध्ये त्यांनीही मिशन सोडून देवाचा दरबार काढलाच ना,' असं तू लिहितेस. काढला, मिशनबाहेरचा स्वतःचा संघ. बाप्तिस्मा १८९५ चा. म्हणजे बावीस वर्षं आत राहून मग बाहेर पडले, आणि १९१९ मध्ये गेले. दरबार काही त्यांच्यामागे उभा राहिला नाही. राहिली ती त्यांची गाणी, आणि ती आजही तुझ्या या कंटाळवाण्या उपासनेतच म्हटली जातात. तू निघालीस ती एका सभेनंतर! पंडिता रमाबाई बिशपांना जुमानल्या नाहीत हेही तुला फार आवडतं. मला काय आवडतं सांगू? इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टरांशी, म्हणजे तिथल्या जोगिणींशी, त्यांनी घातलेले वाद पत्रांत आहेत. आपल्याला काय पटत नाही ते बाईने लिहून ठेवलं, म्हणून आज ते तुझ्या तोंडी आहे.

आपले घंटेचे मामा तुला आठवत असतील. घंटा त्यांची, झाडलोट त्यांची, कबरी खोदणं त्यांचं. हिशेबाच्या वहीत मात्र त्यांचं नाव कुठे नव्हतं. 'किरकोळ खर्च' नावाचं एक सदर होतं. त्यात रॉकेल, फुलं, केरसुण्या आणि मामा. मी कमिटीवर आले ती पहिली बाई, तेव्हा चहाचं बघीन एवढीच सगळ्यांची अपेक्षा होती. मी वही मागितली. माझं म्हणणं एवढंच होतं, की या माणसाचं सदर वेगळं करा आणि त्याला वेतन म्हणा. उत्तर मिळालं, 'बाई, ती सेवा आहे, सेवेला पगार नसतो.' पाळकसाहेबांच्या सेवेला असतो! दर वर्षी मी ठराव मांडायचा, दर वर्षी 'पुढील सभेत विचार करू.' ते वाक्यही मी मिनिटबुकात लिहायला लावायची. शेवटी एका सभेत त्या सगळ्या ओळी सालवार वाचून दाखवल्या, तेव्हा कुठे लोकांनी माना खाली घातल्या. सदर निघालं. पण तोवर मामा गेले होते, त्यांची कबर दुसऱ्या कुणी खोदली. आज त्यांच्या सुनेला महिन्याला पगार मिळतो. मामांना एकदाही मिळाला नाही. हे मला अजून सलतं, आणि ते सलणं कुठल्याही वचनाने जात नाही, म्हणून तू मला वचनं पाठवू नकोस.

१० ऑगस्टला आपण काळ्या फिती लावतो. १९५० मध्ये त्याच तारखेच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून दाराबाहेर. मीही त्या मोर्चात जाते, जाणारच. धर्म बदलल्याने जात सुटत नाही हे आपण सरकारला ओरडून सांगतो, आणि कमिटीच्या निवडणुकीत 'ख्रिस्तात कसली आली जात' म्हणतो. सोयरीक जुळवताना काय म्हणतो ते तुझ्या आईला विचार. कॅथलिक बिशपांनी २०१६ च्या दलित धोरणात निदान मान्य केलं, की भेदभाव चर्चच्या आतही आहे. छापून दिलं, म्हणून ते आता त्यांच्यापुढे धरता तरी येतं. आपल्याकडे तेवढंही नाही. जुन्या कमिट्यांच्या याद्या काढ, कुठल्या घरातून कोण कितीदा आलं ते बघ. त्याला सेमिनरीची पदवी लागत नाही.

तुझा तो मित्र, दुसऱ्या मुलाबरोबर राहतो म्हणून ज्याला प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाला, पुढे येऊ नकोस असं सांगितलं होतं. कानात सांगितलं होतं, हे महत्त्वाचं. मी कमिटीत विचारलं, हा ठराव कधी झाला, पान दाखवा. पान नव्हतं. कुणी बोललंच नाही. पुढच्या प्रभुभोजनाला तो आला आणि पाळकसाहेबांनी त्याच्या हातावर भाकर ठेवली. काही घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. तू त्या वेळी इन्स्टाग्रामवर फार सुंदर लिहिलं होतंस, असं मला कुणीतरी सांगितलं.

रागावू नकोस. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर मी इतकं लिहिलंच नसतं.

माझा धाकटा भाऊही असाच निघाला होता. कमिटी नको, घटना नको, फक्त आत्मा हवा. ती फेलोशिप आज प्लॉटसकट एका घराच्या नावावर आहे. भाऊ आता कुठेच जात नाही, आणि मला 'कमिटीवाली' म्हणतो. म्हणू दे. मी तडजोडी केल्या असं मंडळीच्या तरुण संघातल्या तुम्हां पोरांनाही वाटतं, ठाऊक आहे मला. पण मिशन कंपाऊंडच्या मागची जमीन विकायचा घाट घातला गेला तेव्हा हे तत्त्ववाले कुठे होते? सार्वजनिक न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही, कायद्याचं कलम ३६ आहे. ते मी वाचलं होतं, आणि कुठल्या सभेत काय ठरलं आणि काय ठरलंच नव्हतं, ते मिनिटबुकावरून दाखवता येत होतं. हरकत घेतली. जमीन जागेवर आहे. मला कुणी संत म्हणू नये, पण ती माझ्या हट्टामुळे राहिली एवढं म्हणायला हरकत नाही. बाहेर असते तर हरकत कुठल्या नात्याने घेतली असती?

तर ऐक. फ्लॅटवर जमायचंय तर जमा, गिटार मलाही आवडते. पण पहिल्याच दिवशी वही घाला. कोण आलं, काय ठरलं, किती जमले, कुणाला दिले. आणि इथलं सभासदत्व सोडू नकोस. वर्गणी थकली असेल तर आधी भर. थकबाकीदाराला सभेत मत नाही असं आपल्या मंडळीच्या घटनेत आहे, आणि तुला खाली बसवणाऱ्यांना नेमकं तेवढंच कलम पाठ आहे. मग सचिवांच्या नावे अर्ज कर. हॉलच्या भाड्याची पावतीपुस्तकं आणि लेखापरीक्षणाचा अहवाल पाहायला मिळावा, बस. न्यायावर बोलणारे आमोस आणि मीखा संदेष्टे त्यात घालू नकोस. दोन प्रती काढ, एकीवर सही-शिक्क्याची पोच घे. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठव. तरी उत्तर आलं नाही तर न्यासाचे हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात, तिथे नक्कल मागू. जुन्या मिनिटबुकांच्या झेरॉक्स माझ्या कपाटात आहेत. शनिवारी ये, पण दुपारी. सकाळी स्त्री संघ असतो.

तुझी,
बाई