लेक जपानी घरी राहायला जाते आहे

प्रश्न : माझी मुलगी जपानी भाषा शिकण्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये जपानला जाणार असून सहा आठवडे एका कुटुंबात राहणार आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. यजमानांना त्रास नको म्हणून ‘मी काहीच सांगणार नाही, चालेल तेवढे खाईन’ असे ती म्हणते. हे बरोबर आहे का? त्या घरात तिने कसे वागावे?
— एक आई, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : ताई, मुलीचा हेतू चांगला आहे, परंतु तिच्या गप्प राहण्याने यजमानांचा त्रास वाढेल. जपानी स्वयंपाकात मासा ताटात दिसत नाही तेथेही असतो. मिसोचे सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा या सर्वांच्या मुळाशी ‘दाशी’ नावाचे पाणी असते आणि ते बहुधा कात्सुओ माशाच्या वाळवून तासलेल्या पापुद्र्यांपासून काढतात. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्याने भागत नाही. कात्सुओची दाशी चालत नाही, कोंबू या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळिंबीची चालते, असे तिने निघण्यापूर्वीच जपानीतून स्पष्ट लिहून कळवावे. बौद्ध मठांतला ‘शोजिन र्‍योरी’ हा स्वयंपाक अशाच दाशीवर होतो, तेव्हा ही मागणी त्यांना अगदीच अनोळखी वाटणार नाही. मी स्वतः हे न सांगता गेले होते. पाचव्या दिवशी उलगडा झाला तेव्हा आपल्या हातून पाहुण्या मुलीचा, म्हणजे माझा, नेम मोडला याचे यजमानीणबाईंना इतके वाईट वाटले की ते मला आजही सलते.

तिच्या आवडीचे एक तेथे नक्की मिळेल. वांगे भाजून, साल काढून, किसलेले आले आणि सोया सॉस घालून ‘याकिनासु’ करतात. वर भुरभुरायचे कात्सुओचे पापुद्रे तेवढे नको म्हणावे. एखाद्या संध्याकाळी तिने आपले भरीत करून घालावे. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची वांगी मात्र सोबत नेऊ नयेत, कारण तपासणी-प्रमाणपत्राशिवाय ताजी फळे-भाज्या जपानमध्ये नेता येत नाहीत. भेट म्हणून घरच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, न्याव्यात आणि दोन्ही हातांनी द्याव्यात.

आंघोळीचे नीट समजावून सांगा. टबाबाहेर बसून साबण लावून, अंग स्वच्छ धुऊन मगच गरम पाण्यात बसायचे असते. त्याच पाण्यात नंतर घरचे इतर लोक बसतात, म्हणून बाहेर आल्यावर पाणी सोडू नये, झाकण घालावे. शौचालयाच्या सपाता तेथेच काढाव्यात, आणि तातामीच्या चटईवर तर कोणत्याही सपाता घालून जाऊ नये.

जेवताना भातात काड्या उभ्या खोचू नयेत, कारण तसा भात मृतापुढे ठेवतात. ऑगस्टच्या मध्यावर बहुतेक भागांत ‘ओबोन’ येतो, म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस. पितरांनी लवकर यावे म्हणून कित्येक घरी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि जाताना त्यांनी सावकाश जावे म्हणून वांग्याची गाय करतात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना पाहिलेल्या आपल्या मुलीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. यजमानांकडे ही रीत असेल, तर वांग्याला पाय लावण्याचे काम तिने मागून घ्यावे.