तारकर्लीत स्कुबावाल्याने माझा ओल्या कपड्यातला व्हिडिओ जाहिरातीच्या रीलमध्ये टाकलाय, काढायला लावता येतो का?

हो, येतो, पण आधी लिंक आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मगच त्याला व्हॉट्सॲपवर लेखी सांगा, नाहीतर गुपचूप डिलीट करून हात वर करतात. बोटीत चढताना सही घेतात तो फॉर्म बहुतेक वेळा अपघाताच्या जबाबदारीचा असतो, तुमचं अंग दाखवून गिऱ्हाईक खेचायची परवानगी नव्हे (तरी वाचून बघा, बारीक अक्षरात काय काय घुसवतात). खाजगी भाग, अगदी अंतर्वस्त्रातलेसुद्धा, तुम्हाला न विचारता शूट केले असतील तर थेट सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका, आयटी कायद्याचं कलम ६६ई आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओल्या टी-शर्टात शिडी चढताना दिसत असाल तर ते कलम बसवणं कठीण, तिथे ॲपमधला प्रायव्हसी रिपोर्टच मारा.