काहीच त्रास नसताना पित्ताशयात खडे असणं कितपत सामान्य आहे?

तुम्ही लिहिलंय, आईची सोनोग्राफी गर्भाशयाच्या गाठीसाठी केली आणि रिपोर्टात पित्ताशयात १२ मिलिमीटरचा खडा निघाला. तिचं पोट कधी दुखलं नाही, तरी घरचे सगळे धास्तावलेत. मी सोनोग्राफी करणारी डॉक्टर आहे. असं कुटुंब दर आठवड्याला समोर बसलेलं असतं.

आईसारख्या बायका खूप आहेत. काश्मीरमध्ये १९८०च्या दशकात सर्वसामान्य प्रौढांची सोनोग्राफी केली तेव्हा सुमारे ६ टक्के लोकांत खडे सापडले. पुरुषांत ३ टक्के, बायकांत जवळजवळ १० टक्के. युरोप-अमेरिकेत हेच प्रमाण १० ते १५ टक्के आहे. वय वाढतं तसं ते वाढतं.

मग पुढे काय होतं? मिशिगन विद्यापीठातल्या १२३ जणांना असेच न दुखणारे खडे होते. २० वर्षांत त्यांतल्या साधारण १८ टक्क्यांनाच पोटदुखी सुरू झाली. त्यांत पुरुषच जास्त होते, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही बहुतेकांचे खडे गप्प राहिले.

आपल्याकडे एक घोटाळा शब्दामुळे होतो. ‘पित्त झालंय’ म्हणतो ते जठरातलं आम्ल; पित्ताशयातलं पित्त यकृतात तयार होतं. आंबट ढेकर, जळजळ, गॅस यांचं खापर खड्यावर फोडून ऑपरेशन केलेली माणसं ‘त्रास तसाच आहे’ म्हणत परत येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. आणि हा मुतखडा नव्हे, भरपूर पाणी प्यायल्याने तो पडून जात नाही.

त्रास नसताना ऑपरेशनचा विचार सर्जन करतात तो खडा ३ सेंटिमीटरहून मोठा असेल, किंवा सोबत पित्ताशयाच्या आतल्या अस्तरावर १० मिलिमीटरचा किंवा मोठा पॉलिप, म्हणजे मांसल उंचवटा असेल, तेव्हा. घरात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार असेल तर तेही आवर्जून सांगा. गडचिरोली, नंदुरबारकडच्या रुग्णांत त्यामुळे लहान वयात खडे होतात.

खड्याचं दुखणं वेगळंच असतं. उजव्या बरगडीखाली किंवा छातीखाली मधोमध, बहुधा जेवणानंतर किंवा रात्री, अर्धा तास ते काही तास सलग, कधी उजव्या खांद्यामागे जाणारं. तसं झालं तर सर्जनला दाखवा. सोबत थंडी-ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.