गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे उन्हाळ्यात सोडले तर चालतील का?

नाही, एप्रिल-मेमध्ये सोडू नका. पाऊस लागून गवताला कोवळी पालवी फुटली की जुलै-ऑगस्टमध्ये सोडा. या मेक्सिकन भुंग्याची (झायगोग्रामा) अंडी-अळ्या साधारण २५ ते ३० अंशांत झपाट्याने वाढतात. पारा पस्तिशीपुढे टिकला की अंडी कमी उबतात, कोवळ्या अळ्या मरतात. थंडीत आणि कोरड्या दिवसांत प्रौढ भुंगे जमिनीत शिरून सुप्त राहतात, चांगला पाऊस झाल्यावर वर येतात. म्हणून नुसता पारा बघू नका, ओलही हवीच. शेंड्याच्या पानांना भोकं दिसू लागली की अळ्या कामाला लागल्या समजा. तिथे तणनाशक अजिबात फवारू नका. मात्र पहिल्याच वर्षी रान साफ होत नाही. १९८४ मध्ये बंगळुरात सोडलेल्या भुंग्यांची संख्या वाढायलाही काही वर्षं लागली होती.